खालची जमीन

अमडापूरच्या बेबीताई अंभोरेंची लेक पुण्याला मोठ्या संस्थेत संशोधन करते, एवढं गावाला ठाऊक होतं. नेमकं कशात, असं कोणी विचारलं की बेबीताई सांगायच्या, "पेन्सिलीच्या शिसात." ऐकणारा हसायचा. बेबीताई हसायच्या नाहीत. मंजुश्रीला आईचं हे उत्तर आवडायचं, कारण ते खरंच होतं.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, आणि ग्राफाइट म्हणजे एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे सुटतात. पुन्हा लावली, पुन्हा ओढली, तर कधीमधी असा एखादा पापुद्रा हाती लागतो की जो फक्त एका अणूएवढा जाड असतो. त्याचं नाव ग्राफीन. त्यातून इलेक्ट्रॉन इतके मोकळे धावतात की जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यामागे लागले होते. मंजुश्री त्यातलीच एक. अमडापूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून चिखलीच्या कॉलेजात, तिथून विद्यापीठात आणि तिथून पुण्याला, अशी ती शिष्यवृत्त्या मिळवत पोचली होती.

पण दोन वर्षं झाली तरी तिचे इलेक्ट्रॉन काही मोकळे धावत नव्हते. ग्राफीनचा पापुद्रा ती सिलिकॉनच्या चकतीवर ठेवायची. त्या चकतीवर ऑक्साइडचा काचेसारखा थर असतो. सगळेच तसं करतात. मग पापुद्र्याला सोन्याच्या बारीक तारा जोडायच्या, वीज सोडायची आणि मोजायचं. मोजलं की इलेक्ट्रॉनच्या चपळाईचा आकडा कमीच यायचा. तिच्या मार्गदर्शक देवस्थळी मॅडम कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्या म्हणायच्या, "मंजुश्री, हात स्वच्छ हवा. चिकटपट्टीचा गोंद राहतो आहे." मग मंजुश्री आणखी धुवायची, आणखी तापवायची, आणखी जपायची. आकडा तिथंच.

२०११च्या पावसाळ्यात तिनं एक नवीन गोष्ट केली. बोरॉन नायट्राइड नावाचा एक स्फटिक असतो. त्याचेही पापुद्रे निघतात, आणि ते आरशासारखे सपाट असतात. परदेशातल्या एका गटानं ग्राफीन त्यावर ठेवून पाहिलं होतं आणि फार चांगले आकडे छापले होते. मंजुश्रीनं तो स्फटिक मागवून घेतला, त्याचा पापुद्रा चकतीवर ठेवला, त्यावर ग्राफीन बसवलं आणि मोजलं. आकडा एकदम पाचपट! ती इतकी खूश झाली की प्रयोगशाळेतल्या तौसिफला ओरडून म्हणाली, "तौसिफ, ये, पाह्य बे, पाह्य!"

तौसिफ नांदुऱ्याचा. त्याच्या अब्बांचा, वाहेदभाईंचा, कापसाचा व्यापार होता. हा मात्र इलेक्ट्रॉनच्या किरणानं केसापेक्षाही बारीक रेघा आखणाऱ्या यंत्रावर बसायचा. दोघं आपसात वऱ्हाडीत बोलायचे आणि पुण्याची पोरं ऐकून गालात हसायची. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं गटाच्या बैठकीत आलेख दाखवला. त्या दिवशी बाहेरून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. त्यांनी आलेख नीट पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा पापुद्रा आणि आधीचे पापुद्रे एकच आहेत का?"

"नाही सर. दर वेळी नवीन काढावा लागतो."

"मग हा पापुद्रा मुळातच चांगला निघाला नसेल कशावरून? किंवा त्या दिवशी तुमचा हात चांगला चालला नसेल कशावरून? खालच्या थरामुळे फरक पडला, हे तुम्ही सिद्ध कसं करणार?"

 आणखी दहा नमुने करते, असं मंजुश्री म्हणाली. प्राध्यापक म्हणाले, "दहांनी सरासरी कळेल. कारण कळणार नाही." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि ते लिहिणं मंजुश्रीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

अशोक विजयादशमीला ती घरी आली ती हे ओझं घेऊनच. चिखलीहून आलेल्या बसमधून उतरली तेव्हा वडील, सहदेव, स्टँडवर उभे होते. ते चिखलीच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत कामाला. शेती सगळी बेबीताईंच्या हाती. पिशवी घेता घेता ते म्हणाले, "उद्या कुठी जाऊ नको. तुह्या मायनं गाव बलावलं वावरात."

"काऊन?"

"आता मी काय सांगू? उद्या पाह्यजो."

अंभोरेंचं वावर गावाच्या वरच्या अंगाला, बरडात. बरड म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. त्या अंगाला चाळीसेक घरांची वावरं होती, सगळी तशीच. खाली नाल्याकाठी मात्र काळी, भारी जमीन, पुरुषभर खोल. तिथं उकंडरावांचं वावर. बीटी बियाणं आलं तशी वर-खाली सगळ्यांनीच पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावायला सुरुवात केली. पहिली एक-दोन सालं पाऊस बरा झाला आणि वरही बोंडं लागली. मग दर साली वरची पऱ्हाटी ऐन भरात लाल पडू लागली, पानं गळू लागली, बोंडं बोराएवढीच राहू लागली. बरडातल्या काही घरांनी वावरं पडीक टाकली. काही माणसं कामाला सुरतेकडे गेली ती परत आली नाहीत.

मागच्या सालच्या हिवाळ्यात बियाणे कंपनीचा माणूस गावात आला होता. लोकांनी त्याला ग्रामपंचायतीत गाठलं. तो म्हणाला, "बियाणं तेच, पाऊस तोच. खाली उकंडरावांना एकरी दहा क्विंटल होतो आणि वर तुम्हाला दोन. मग दोष बियाण्याचा कसा? वेळेवर डवरणी-कोळपणी नाही, निंदण नाही. हात चालला पाहिजे शेतात." माणसं माना खाली घालून उठली. बेबीताई बाहेर ओट्यावर बसून ऐकत होत्या. सातवीपर्यंत शिकलेली, तीस वर्षं त्याच मुरमात राबलेली ही बाई. 

यंदा जूनमध्ये बेबीताईंनी त्या कंपनीचं एक पाकीट आणलं आणि ग्रामपंचायतीतच पंधरा माणसांसमोर फोडलं. अर्धं बियाणं आपल्या वावरात टोबलं, अर्धं उकंडरावांकडून मागून घेतलेल्या आठ तासांत, म्हणजे आठ ओळींत, काळ्या मातीत. एकाच दिवशी. अंतर तेच, खत एकाच टोपल्यातलं, डवरणीही पाठोपाठच्या दिवशी. दोन्हीकडे मजूर लावला नाही. स्वतःच निंदलं. पुण्याच्या लेकीला यातलं काहीच फोनवर सांगितलं नव्हतं. "तुह्या कामात तू व्हती," एवढंच त्या नंतर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात साठ-सत्तर माणसं जमली. कंपनीचा माणूसही आला होता. त्याला उकंडरावांनी कसाबसा पटवून आणला होता. सत्तरीचे उकंडराव स्वतः काठी टेकत चढ चढून आले. मंजुश्री धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बायांमध्ये उभी राहिली.

बरडातली पऱ्हाटी गुडघ्याएवढी, तांबडीलाल. झाडाला चार-सहा बोंडं. बेबीताईंनी पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढलं.

"हे घ्या भाऊ. याच्यावरचा नंबर वाचा."

त्यानं वाचला.

"आता खाली चला."

सगळी माणसं खाली उतरली. काळ्या मातीतले आठ तास छातीला लागत होते. बोंडं फुटायला लागली होती, आणि झाड हिरवंगार. त्या माणसानं एक-दोन झाडं हातानं वाकवून पाहिली. म्हणाला, "इथे खत जास्त पडलं असेल."

"टोपलं एकच व्हतं. वरचं अर्धं, खालचं अर्धं. तानुबाईनं मोजून देल्लं."

बायांमधून तानुबाई म्हणाल्या, "हाव, म्या मोजलं."

"मग पाणी दिलं असेल."

यावर उकंडराव काठी आपटून म्हणाले, "माह्या बाकीच्या वावराले देल्लं. हिच्या आठ तासाले थेंब नाही. इकडली नळीच उचलून घरी नेली व्हती या बाईनं. म्या मांगतली तं म्हणे, दिवाळीनंतर देतो!"

माणसं हसली. कंपनीचा माणूस हसला नाही. त्यानं वर जाऊन एक झाड उपटलं. ते सहज निघून आलं. मुळी बोटभर खाली गेलेली, आणि पुढं मुरमावर आडवी वळलेली. ते हातात घेऊन तो खाली आला आणि त्यानं दुसरं झाड ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. ते आलंच नाही.

मग त्यानं हात झटकले. तो तरुण माणूस होता, आणि वाईट नव्हता. त्याला जे शिकवून पाठवलं होतं ते तो बोलत आला होता. तो म्हणाला, "ताई, हे बियाणं बरडात चालणार नाही."

"मांगच्या लोकायले ऐकू नाही आलं," बेबीताई म्हणाल्या.

"हे बियाणं बरडासाठी नाही!" तो मोठ्यानं म्हणाला. "त्याला खोल जमीन लागते."

"आन् हात?"

त्यानं मान खाली घातली. "हात चांगला आहे, ताई. दोन्हीकडे एकच हात आहे."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पण बरडात वावर असलेली ती माणसं, जी मागच्या साली माना खाली घालून उठली होती, ती आता एकमेकांकडे पाहत होती. रंगराव नावाचे एक म्हातारे पुढं आले, त्यांनी ती तांबडी, वाकड्या मुळीची पऱ्हाटी उचलून खांद्यावर टाकली आणि गावाच्या वाटेनं चालू लागले, लग्नाच्या वरातीत चालावं तसे. आपल्या आईकडे पाहताना मंजुश्रीला वाटलं, आपण आजवर इतक्या मोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, पण इतका स्वच्छ प्रयोग समोर उभा राहून पाहिला नव्हता.  शेजारच्या बाईला ती म्हणाली, "माही माय हाय ते," आणि शेजारची बाई म्हणाली, "मले नाही मालूम का?"

माणसं पांगल्यावर मायलेकी धुऱ्यावर बसल्या. बेबीताईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"माय, तुले एकच पाकीट दोनीकडे लावाचं सुचलं कसं?"

"त्याच्यात सुचाचं काय? दोन पाकिटं घेतली असती, तं तो म्हणला असता, पाकीटच वेगळं. दोन बाया लावल्या असत्या, तं म्हणला असता, हात वेगळा. माणसाले पळाले जागाच ठेवाची नाही."

मंजुश्री आईकडे वळली. मग म्हणाली, "माय, माह्या तिकडंही एक माणूस असाच पळून राह्यला."

"कोन?"

मग तिनं आईला आपलं दुखणं सांगितलं. पापुद्रा सांगितला, खालचा थर सांगितला, प्राध्यापकांचा प्रश्न सांगितला. बेबीताईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुहा तो पापुद्रा खालून काही खाते का? अन्नपाणी घेते?"

"नाही. काही नाही घेत."

"मंग त्याले जमिनीचं काय घेणं?"

"ऑक्साइडात विजेचे कण अडकून बसलेले असतात, माय. ते हालत नाही, पण वरून धावणाऱ्याले ओढतात, ढकलतात. आन् तो थर खडबडीतही असते. पापुद्रा एवढा पातळ का त्याले सगळंच लागते. एखाद्या जाड वस्तूले पत्ताही नाही लागत."

"म्हंजे पऱ्हाटीले जमीन कमी पडते, आन् तुह्या पापुद्र्याले जमीन आडवी येते."

"हाव. अगदी."

"तं मंग एकच पापुद्रा अर्धा इकडे ठेव, अर्धा तिकडे."

मंजुश्रीनं तिथूनच, धुऱ्यावर उभी राहून, तौसिफला फोन लावला. नेटवर्क येईना म्हणून ती बाभळीखालच्या दगडावर चढली. "तौसिफ, ऐक. स्फटिकाचा पापुद्रा लहानच ठेवाचा. ग्राफीन त्याच्या काठावरून टाकाचं. अर्धं त्याच्यावर, अर्धं खाली ऑक्साइडवर. एकच पत्रा. तारा दोनीकडे."

 पलीकडून तौसिफ म्हणाला, "काठावर फाटंन ते."

"पातळ स्फटिक घेऊ. दहा-बारा थरायचा."

"तरी फाटंन."

"मंग फाटू दे. फाटाचं थांबेपर्यंत करू."

आणि फाटलंच. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पापुद्रा काठावर चिरायचा, कधी सुरकुतायचा, कधी खाली हवेचा फुगा राहायचा. सूक्ष्मदर्शकाखाली श्वास रोखून मंजुश्री तो खाली उतरवायची आणि दर वेळी काहीतरी बिघडायचं. आठ वेळा बिघडलं. मॅडम रोज येऊन मागं उभ्या राहायच्या, पण हात स्वच्छ ठेव असं आता त्या म्हणत नव्हत्या. नवव्या वेळी पापुद्रा काठावरून ओल्या धोतरासारखा सरळ खाली बसला. तौसिफनं रेघा आखल्या, सोनं चढवलं, चार तारा या बाजूला, चार त्या बाजूला. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी नमुना द्रवरूप नायट्रोजननं थंड केला आणि मोजायला घेतलं.

ऑक्साइडच्या बाजूचा आलेख नेहमीसारखा आला, पसरट टेकडीसारखा. मग मंजुश्रीनं जोडणी बदलली. स्फटिकाच्या बाजूचा आलेख पडद्यावर उमटू लागला, आणि तो उभाच्या उभा वर गेला, सुईसारखा; आलेख जितका टोकदार, तितके इलेक्ट्रॉन मोकळे. तौसिफ खुर्चीवरून उठला. "या अल्लाह," तो हळूच म्हणाला.

मॅडमनी सांगितलं, "तारा बदला." बदलल्या. तेच. "नमुना गरम करून पुन्हा थंड करा." केला. तेच. "आता मला मोजू द्या." त्यांनी स्वतः मोजलं. तेच. एकच पापुद्रा, एकच चिकटपट्टी, एकच हात, आणि दोन बाजूंत दहापट फरक. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "दोन वर्षं मी तुझ्या हाताला बोल लावत होते."

"हो मॅडम."

"चुकलंच माझं." एवढं म्हणून त्या खोलीबाहेर गेल्या, आणि पाच मिनिटांनी साऱ्या गटाला घेऊन आल्या.

शोधनिबंध लिहिताना शेवटी आभाराचा परिच्छेद आला. मंजुश्रीनं तौसिफचं, यंत्रांचं, शिष्यवृत्तीचं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'आई बेबीताई अंभोरे, अमडापूर, यांच्या पाठिंब्याबद्दल.' मसुदा तपासून परत आला तेव्हा 'पाठिंब्याबद्दल' हा शब्द मॅडमनी लाल शाईनं खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'प्रयोगाच्या रचनेबद्दल.' परीक्षकांपैकी एकानं विचारलं, ही व्यक्ती कोणत्या संस्थेत असते? मॅडमनी उत्तर धाडलं, की त्या शेती करतात, आणि वाक्य आहे तसंच राहील. राहिलं.

त्या साली बरडातल्या बहुतेक घरांनी पऱ्हाटी लावली नाही. मूग, तूर, ज्वारी केली. सुरतेला गेलेल्यांपैकी दोन घरं जूनमध्ये परत आली. बियाण्याच्या दुकानात बाया आता पाकीट हातात घेण्याआधी विचारायच्या, "हे कोन्त्या जमिनीचं हाय?" आणि दुकानदाराला उत्तर द्यावं लागायचं.

ऑगस्टमध्ये देवस्थळी मॅडम अमरावतीला एका चर्चासत्राला निघाल्या होत्या. वाटेत त्या अमडापूरला उतरल्या, मंजुश्रीला सोबत घेऊन. सहदेवांनी कामावरून सुट्टी काढली होती. मॅडम धुऱ्याधुऱ्यानं साडी सावरत चालल्या आणि बेबीताई पुढं. तुरीमधल्या मुगाला शेंगा लागल्या होत्या. मॅडमनी वाकून मुरूम हातात घेतला, चुरला, पाहिला. मग नाल्याकाठची काळी माती पाहिली. उकंडराव सोबत होतेच. ते सगळ्यांना सांगत होते की ते आठ तास माह्या वावरातले.

बाभळीखाली सतरंजी टाकली होती. मॅडमनी पर्समधून त्या नमुन्याचा मोठा केलेला फोटो काढून बेबीताईंना दिला. निळसर चकतीवर हिरवट स्फटिक, आणि दोन्हींवर पसरलेली एक फिकट सावली.

"हा तो पापुद्रा, ताई. अर्धा इथे, अर्धा इथे. तुमच्या सांगण्यावरून."

बेबीताईंनी फोटो उन्हात धरला, दूर नेला, जवळ आणला. बोट ठेवून विचारलं, "खालून तं चांगलं झालं. वरून काय हाय याच्यावर?"

"वर काही नाही. हवा."

"उघडंच?"

"हो."

"मंग हवेतलं काही बसत नाही याच्यावर? धूळ, ओल? एवढं पातळ हाय म्हनता, खालचं सारं लागते म्हनता. वरचं कसं नाही लागणार?"

मंजुश्रीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम फोटोकडे पाहत होत्या. त्या हसल्या नाहीत, समजावायला गेल्या नाहीत. "लागतं, ताई," त्या म्हणाल्या. "लागत असणार. वरून तोच स्फटिक झाकून पाहायला हवा. आम्ही अजून केलेलं नाही."

"मंग करा ना," बेबीताई म्हणाल्या. "पोरगी आहेच की तुमच्यापाशी."

मॅडमनी पर्समधून वही काढली आणि तिथंच, सतरंजीवर बसून, लिहायला सुरुवात केली. सहदेव चहा घेऊन आले, तर बेबीताईंनी हातानंच त्यांना थांबवलं. "राहू द्या थोडं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मॅडम लिहून राह्यल्या."